मास्क कधी खपले, हेही गणितच

प्रश्न : माझं बार्शीत औषधांचं दुकान आहे. मुलगी बारावी सायन्सला, गणितात चांगली. माणसांच्या वागण्याचा साथीवर होणारा परिणाम गणितात मांडता येतो, असं तिने एका व्याख्यानात ऐकलं आणि आता तेच शिकायचं म्हणते. आम्ही इंजिनिअरिंग धरून चाललो होतो. हे नक्की काय असतं? नोकरी मिळते, की शेवटी शिकवण्याच घ्यायच्या?

उत्तर : दुकान औषधांचं, म्हणजे अर्धा विषय तुम्ही काउंटरमागून पाहिलाय. कोरोनात मास्क कधी हातोहात गेले आणि कधी खोकी पडून राहिली, आठवून बघा. आकडे चढले की लोक धास्तावून घरात बसतात, मग आकडे उतरतात. उतरले की तीच माणसं लग्नात चारशे पानं उठवतात. एक रोगी सरासरी दोघांना लागण करत असेल आणि लोकांनी भेटीगाठी निम्म्यावर आणल्या, तर तो एकालाच करतो. साथ वाढतही नाही, विझतही नाही, रेंगाळते. साथ माणसांना बदलते आणि बदललेली माणसं साथीला. हे समीकरणात बसवायचं, हा तुमच्या मुलीचा विषय.

यातली पायाभूत मांडणी केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांची, १९२७ सालची. लोकांचे तीन गट : लागण होऊ शकेल असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. ताडून बघायला त्यांनी घेतले ते मुंबईच्या प्लेगचे आकडे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, आठवड्यागणिक मृत्यू. वक्र झकास बसला. पण मुंबईचा प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांतून, आणि मांडणी होती माणसाकडून माणसाला. वक्र जुळला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. मुलीला हे लवकर उमजलं तर पुढची बरीच वर्षं वाचतील; भल्याभल्यांना उमजत नाही.

शिवाय त्या मांडणीतली माणसं घाबरत नाहीत, पळत नाहीत, काही लपवत नाहीत. खरी माणसं काय करतात ते १८९७ साली पुण्यात दिसलं. रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घराघरात शिरू लागले, तसे लोक आजारी माणूस लपवू लागले. म्हणजे साथ रोखायच्या उपायानेच साथ दडवली. असं वागणं गणितात आणायचे प्रयत्न आता होतात. बाकीच्यांनी लस टोचून घेतली तर आपल्या पोराला कशाला, या हिशेबावर बाऊच आणि अर्न या संशोधकांनी २००४ साली खेळ-सिद्धांत (दुसरे काय करतील ते धरून आपण काय करायचं, याचं गणित) लावून दाखवला. युरोपातल्या आठ देशांत सात हजारांवर लोकांकडून ‘आज मी कोणाकोणाला भेटलो’ अशा डायऱ्या लिहून घेतल्या. त्या २००८ साली प्रसिद्ध झाल्या. आपल्याकडे २०२० साली बंगळुरूच्या आयआयएससी आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांमधल्या मंडळींनी ही दोन शहरं घरं, शाळा, कचेऱ्यांसकट संगणकात उभी केली. मुंबईसाठी तर लोकलचा प्रवासही धरला.

आता रस्ता. बारावीनंतर या नावाची पदवी शोधत बसू नका. गणित किंवा संख्याशास्त्रात पक्की बीएस्सी, नाहीतर आयझर पुण्यासारख्या विज्ञान संस्थेतला पाच वर्षांचा अभ्यासक्रम (त्याला आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते), कोलकात्याची आयएसआय ही संख्याशास्त्राची संस्थाही आहे. विकलक समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स), संभाव्यता आणि प्रोग्रॅमिंग, ही तीन पक्की हवीत. लोकसंख्येकडे ओढा वाटला तर पुढे मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्याशास्त्राची संस्था बघा. इंजिनिअरिंगवरूनही इकडे येता येतं, पण तुमच्या समाधानासाठी तिची चार वर्षं घालवू नका. माझं मत विचारलंत म्हणून स्पष्ट लिहितो.

नोकरीचं खरं सांगायचं तर ‘साथींची गणितज्ञ’ अशा पाटीच्या जागा थोड्या. संशोधनात राहायचं तर पीएचडी लागणारच. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे घरून पैसे मागावे लागत नाहीत. पण वर्षं लागतात, आणि तेवढ्यात मामेभाऊ फ्लॅट घेतो. ते सोसेल का, हे घरात आधीच बोलून घ्या. मधेच मन बदललं तरी औषधांच्या चाचण्या, विमा, डेटा ॲनालिटिक्स या सगळ्यांना हेच संख्याशास्त्र चालतं. शिकवण्या घ्यायची वेळ येईलसं वाटत नाही.

फॉर्म भरण्याआधी एक करा. २०२० आणि २१ ची मास्कविक्रीची बिलं तिच्या हवाली करा. आठवड्याचे आकडे एक्सेलमध्ये मांडू द्या, शेजारी सोलापूर जिल्ह्याचे रुग्णांचे आकडे. आधी काय चढतं, विक्री की रुग्ण, आणि किती दिवसांनी, ते तिने शोधायचं. दोन दिवसांत कंटाळली तर इंजिनिअरिंगचं पुन्हा बोलू. पण ‘बाबा, ज्या आठवड्यांत मालच आला नव्हता त्यांचं काय करायचं?’ असं तिने विचारलं, तर हॉस्टेलच्या खर्चाची तजवीज सुरू करा.