आयर्लंडमधल्या जुन्या दफनभूमीत पहिल्यांदा जाताना

सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. आभाळ भरलेलं असेल तर टॉर्च बाजूने धरा. दगडफूल मात्र खरवडू नका, तारेचा ब्रश तर नकोच. त्याच्यासोबत दगडाचा थर निघतो आणि नाव कायमचं जातं. १९२२ मध्ये डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना जळाला, तेव्हा १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद राख झाले. त्यामुळे कित्येक घराण्यांचा पुरावा म्हणून हा दगडच उरला आहे.

गवतातले बिननावाचे ओबडधोबड दगड हलवू नका, त्याही कबरीच असतात. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नव्हती. त्यांना ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या जागी, बरेचदा रात्री, पुरत. गावातल्या एखाद्या आजीचं भावंड तिथे असू शकतं, तेव्हा हा विषय त्यांनी काढला तरच बोला.

आख्यायिकांसाठी १९३७ ते १९३९ मध्ये शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घेतलेला लोककथासंग्रह आधी वाचा. तो ऑनलाइन फुकट आहे. मला त्यातली सर्वांत भिडलेली समजूत अशी: शेवटी पुरलेल्या माणसाने पुढचं प्रेत येईपर्यंत दफनभूमीची राखण करायची. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या, की आपलं माणूस आधी आत जावं यासाठी फाटकापाशी घाई व्हायची. तुम्ही जाल त्या गावात हे कसं सांगतात, ते नक्की विचारा.