दोन सीटचं लाइट स्पोर्ट विमान शिकायला कामाचं आहे का, की नुसतं खेळणं?

तुम्ही विचारलंय की 600 किलोचं विमान म्हणजे खेळणंच की, त्याच्यावर शिकून उपयोग काय, आणि आपल्या मराठवाड्याच्या उन्हात ते चालतं का. मी जालन्याचा, हौसेखातर पीपीएल, म्हणजे खाजगी पायलटचं लायसन, अशाच विमानावर केलंय म्हणून सांगतो.

खेळणं नाही हो. अमेरिकेनं 2004 ला ही कॅटेगरी काढली तवा अटीच घातल्या, वजन 600 किलोपर्यंत, दोन सीट, एक इंजिन, सरळ उडताना 120 नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण 220 किलोमीटरच्या आत. शिकायला तर मला हे सेसना 152 या शाळांतल्या जुन्या दोन सीटच्या विमानापेक्षा बरं वाटतं कारण हलकं विमान चुका झाकत नाही, रडरच्या पेडलवर पाय जरा आळशी ठेवले की नाक लगेच भलतीकडं जातं आणि मास्तर शेजारून ओरडायच्या आधी तुम्हालाच कळतं.

इंजिन बहुतेकांत रोटॅक्स 912. त्याचं ऑइल बघायची पद्धत भारीय, नुसती डिपस्टिक काढून भागत नाही. इग्निशन बंद, चावी खिशात, मग नाकावरचा पंखा हातानं फिरवत राहायचा, ज्या दिशेनं फिरतो त्याच दिशेनं, उलटा अजिबात नाही. ऑइलच्या टाकीतून गुडगुड ऐकू आलं की थांबायचं आणि मग डिपस्टिक. नवीन पोरं इथंच घाई करतात.

गाडीचं पेट्रोल चालतं असं कुणी सांगितलं तर अर्धंच खरं समजा. रोटॅक्सला इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंत चालतं, आपल्या पंपावर आता 20 टक्केवालं येतं, म्हणून मग विमानांचं खास पेट्रोल, अ‍ॅवगॅस, आणि त्यातल्या लेडमुळं ऑइल लवकर बदलावं लागतं, खर्च तिथं वाढतो.

आता खरी गोम वजनाची. रिकामं विमानच साडेतीनशे किलोच्या आसपास, उरले अडीचशे. तुम्ही 85, मास्तर 85, राहिले 80. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे 72 किलो. मास्तर खात्यापित्या घरचा निघाला तर टाकी अर्धीच भरायची, दुसरा इलाज नाही, आणि "थोडं जास्त झालं तर काय होतंय" म्हणणाऱ्याच्या विमानात बसायचंच नाही.

उन्हाचं म्हणाल तर संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा रनवे समुद्रसपाटीपासून साधारण 1900 फुटांवर. मे महिन्यात 42 डिग्रीला हवा इतकी विरळ होते की विमानाच्या हिशोबानं तुम्ही साडेपाच हजार फुटांवर उभे असता. रनवे जास्त लागतो, चढायला जिवावर येतं, वर दुपारच्या वावटळी, हलकं विमान नुसतं आपटतं. म्हणून उन्हाळ्यात उजाडल्यापासून नऊपर्यंत काय उडायचं ते उडा, मग गुमान हँगरला. वळिवाचे ढग दिसले तर सकाळीसुद्धा नको. दिवाळीनंतरचे महिने मात्र सोन्यासारखे.

पीपीएलला वय 17 आणि किमान 40 तास, नोकरीसाठी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन म्हणलं तर 200 तास. बारामती, शिरपूर, गोंदियाला शाळा आहेत, तिथं जाऊन ताफ्यात किती विमानं ते विचारू नका, आज उडायच्या लायकीची किती ते विचारा. आणि फी भरायच्या आधी क्लास 2 मेडिकल, म्हणजे पायलटची तब्येत तपासणी, उरकून घ्या, नंतर डोळ्याचं काही निघालं तर पैसे परत मिळता मिळत नाहीत.