फुकटचा मिक्सर, ४,००० रुपये आणि 'खुलासा शेवटी टाका' म्हणणारी एजन्सी

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि जुनी जखम खाजली. ब्लॉगवर लिहिण्यासाठी कंपनीचा मिक्सर घरी आलाय, लेखाचे ४,००० ठरलेत, ही जाहिरात असल्याचा खुलासा करायचा का आणि कुठे, हा तुमचा प्रश्न, आणि एजन्सी म्हणतेय, "मत तुमचं स्वतःचं, वस्तू भेट म्हणून दिलेली, मग जाहिरात कशी? अगदीच वाटलं तर शेवटी एक ओळ टाका." त्यापुढे तुम्ही सहज लिहून गेलात की फोटो चढवायला ते ब्लॉगचं लॉगिन मागताहेत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला खरा धोका त्या शेवटच्या वाक्यात आहे. (मी वकील नाही, सीएही नाही. रक्कम मोठी असेल तर त्यांना विचारा.)

आधी भेटीचा मुद्दा निकालात काढू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. शिफारस करणाऱ्याचा कंपनीशी लागेबांधा असेल, तर तो उघड करायला त्यात सांगितलंय. जानेवारी २०२३मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सोप्या भाषेत पुस्तिका काढली, तिच्यात लागेबांधा म्हणजे काय त्याची यादीच आहे: पैसे, फुकट वस्तू (अटीसह असो वा बिनअटीची), सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, नोकरी, अगदी नातंसुद्धा. म्हणजे सख्खा भाऊ त्या कंपनीत असेल तर एक रुपया न घेताही सांगायचं. 'मत प्रामाणिक आहे' ही सबबही चालत नाही. मुंबईच्या 'ॲस्की'चे (जाहिरात क्षेत्राची स्वतःवर नियमन ठेवणारी संस्था) इन्फ्लुएन्सर जाहिरातींचे नियम १४ जून २०२१पासून लागू आहेत. मत निष्पक्ष असलं, मजकूर पूर्ण तुमचा असला, तरी जाहिरात असल्याचं लेबल हवंच, असं त्यांत स्पष्ट आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वस्तूबद्दल मनापासून लिहिलंत आणि कंपनीशी काही संबंध नाही, तर लेबल नको. विषय संपला.

आता लॉगिन. मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच, एजन्सीला वर्डप्रेसचं (ज्यावर ब्लॉग चालतो ती प्रणाली) 'एडिटर' खातं उघडून देणं. एजन्सीचं नाव घेत नाही. एडिटर म्हणजे फक्त फोटो टाकणारा माणूस नव्हे. तो ब्लॉगवरचा कुणाचाही, कधीचाही प्रसिद्ध लेख बदलू शकतो. आणि बदल असे होतात की पान उघडून पाहिलं तरी पटकन लक्षात येत नाहीत. पहिल्या ओळीतलं 'जाहिरात' उचलून लेखकपरिचयाच्या खाली जातं, बारीक राखाडी अक्षरांत. 'चटणीच्या भांड्याचं झाकण नीट बसत नाही, ओलं वाटण कडेने गळतं' याचं 'झाकण जरा जपून लावावं' होतं. आणि कंपनीच्या लिंकच्या कोडमधलं रेल 'स्पॉन्सर्ड' (ही लिंक पैसे घेऊन दिलेली आहे, असं गुगलला सांगणारी खूण) पुसलं जातं. हे तिसरं सगळ्यात चोरटं, कारण पानावर काहीच फरक दिसत नाही, लिंक आधी होती तशीच निळी.

एजन्सीला त्यात रस का? 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' (या लिंकची शिफारस धरू नका, असं सांगणारी तशीच खूण) लावलेली लिंक गुगलच्या क्रमवारीत कंपनीला सहसा वजन देत नाही. ती खूण काढली की देते, आणि बऱ्याचदा तुमच्या लेखापेक्षा त्यांना ते वजनच हवं असतं. फुकट वस्तूच्या बदल्यात दिलेल्या लिंकला नोफॉलो लावा, असं गुगलने ब्लॉगर्सना मार्च २०१६मध्येच बजावलं होतं. 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण सप्टेंबर २०१९मध्ये आली. दोन्हींपैकी एक असली तरी चालतं. काहीच नसेल आणि पकडलं गेलं, तर सर्च कन्सोलमध्ये (ब्लॉगमालकांसाठीचं गुगलचं साधन) 'मॅन्युअल ॲक्शन', म्हणजे गुगलची कारवाई, येते आणि ती तुमच्या ब्लॉगवर येते. एजन्सीचं काही बिघडत नाही. ती उठवायला फक्त दाखवलेली लिंक दुरुस्त करून भागत नाही, आजवरच्या सगळ्या सशुल्क लिंका शोधून दुरुस्त कराव्या लागतात, मग फेरविचाराचा अर्ज, मग वाट पाहत बसायचं. यात आठवडे जातात.

म्हणून लॉगिन द्यायचंच नाही. फोटो ड्राइव्हवर मागवा, स्वतः चढवा. 'कॉन्ट्रिब्युटर' खातं देऊ का, असं कुणी विचारेल: त्या खात्यातून फोटो चढतच नाहीत, त्यामुळे एजन्सी दुसऱ्या दिवशी वरचा अधिकार मागतेच. आधीच दिलं असेल तर आजच ते खातं काढा. काढताना वर्डप्रेस विचारतं की या खात्याच्या मजकुराचं काय करू. तिथे तो स्वतःच्या नावावर घ्या, नाहीतर त्यांनी टाकलेले लेख खात्याबरोबर उडतील. मग प्रत्येक सशुल्क लेखाच्या 'रिव्हिजन्स', म्हणजे साठवलेल्या जुन्या आवृत्त्या, उघडा. किती वाजता, काय बदललं ते जुन्यानव्या मजकुरासह दिसतं. लिंकची खूण तपासायला ब्लॉकवर 'एडिट ॲज एचटीएमएल' करा, साध्या दृश्यात कळणार नाही.

खुलासा कुठे? शीर्षकाखाली, पहिल्या परिच्छेदाच्या आधी, लेखाच्याच अक्षरांत. ॲस्कीचं म्हणणं असं की 'आणखी वाचा' न दाबता लेबल दिसलं पाहिजे. पहिल्या दोन ओळींत ठेवलंत तर मुखपृष्ठावरच्या उताऱ्यातही बहुधा तेच आधी येतं. काही थीममध्ये उतारा हाताने लिहावा लागतो, तिथे ते पुन्हा टाकायला विसरतो आपण. चित्रात लिहिलेला खुलासा मला पसंत नाही: चित्र उशिरा उघडतं, आणि ऑल्ट टेक्स्ट (चित्राला जोडलेलं लेखी वर्णन) नसेल तर अंधांसाठीच्या स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही. 'आमच्याबद्दल' पानावर एकदाच 'काही लेख प्रायोजित असू शकतात' लिहून हात झटकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. थेट त्या लेखावर आलेला वाचक ते पान कधीच उघडत नाही.

शब्द? सरळ 'जाहिरात'. 'सौजन्य' नको, ते दिवाळी अंकातल्या अर्ध्या पानासारखं वाटतं आणि कुणाला काही कळत नाही. 'अमुक कंपनीचे आभार' हा खुलासाच नव्हे. 'कोलॅब' वगैरे हॅशटॅगच्या गर्दीत पुरलेलं तर त्याहून वाईट. लेख मराठीत असेल तर खुलासाही मराठीतच ठेवा. नमुना घ्या: "जाहिरात. हा मिक्सर कंपनीने फुकट दिला आहे आणि या लेखासाठी ४,००० रुपये दिले आहेत. प्रसिद्ध होण्याआधी मजकूर कंपनीने वाचलेला नाही." वाचला असेल तर 'वाचला आहे' लिहा. नमुन्यातलं हे शेवटचं वाक्य नियमात नाही, पण माझ्या लेखी तेच सगळ्यात महत्त्वाचं.

त्याच मिक्सरचं रील केलंत तर तिथे लेबल वेगळं, ब्लॉगवरचं मोजलं जात नाही. ॲस्कीच्या हिशेबाने १५ सेकंदांहून लहान व्हिडिओत निदान ३ सेकंद, २ मिनिटांपर्यंतच्यात एक तृतीयांश वेळ, त्याहून मोठा असेल तर ब्रँडबद्दल बोलणं चालू असेपर्यंत. सरकारी पुस्तिकेप्रमाणे व्हिडिओत ते बोलूनही सांगायचं.

दंडाची भीती मी घालत नाही, पण आकडे माहीत असू देत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम २१खाली फसव्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा झाल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय १ वर्ष आणि पुढे ३ वर्षांपर्यंत शिफारस करायला बंदी. त्याच कलमात सुटकेची वाटही आहे: दाव्याची खातरजमा योग्य ती काळजी घेऊन केली असेल तर शिफारस करणारा जबाबदार धरला जात नाही. म्हणजे '७५० वॅट' लिहिण्याआधी मिक्सर उलटा करून तळाची पट्टी वाचा, तिचा फोटो काढून ठेवा. 'जंतू मारतो', 'पोषणमूल्य टिकवतो' असलं काही हवं असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल ईमेलने मागा. अहवाल येत नाही, असा माझा अंदाज. मग ते वाक्यही येत नाही.

आणि खरेदीच्या साइटवर 'पाच तारे पण टाका हं' असं सांगतील, तेव्हा सरळ नाही म्हणा. तिथे खुलाशाला नीट जागाच नसते आणि वाचणारा तुम्हाला साधं गिऱ्हाईक समजतो. अमेरिकेत राहून मराठी ब्लॉग चालवणाऱ्यांनी तर विशेष जपावं: ठरावीक सुराचा अभिप्राय मिळावा या अटीवर मोबदला देण्याला तिथल्या एफटीसीच्या (व्यापार आणि ग्राहकहित पाहणारी सरकारी संस्था) नियमाने २१ ऑक्टोबर २०२४पासून बंदी आहे.

कराचं थोडक्यात. वस्तू ठेवून घेतलीत तर तिची किंमत उत्पन्नात धरायची. एका देणाऱ्याकडून वर्षभरात २०,०००च्या वर गेली तर त्याने १० टक्के टीडीएस भरायचा, ही १ जुलै २०२२पासूनची तरतूद, लोक जिला १९४आर म्हणतात. वापरून परत केलीत तर तो लाभ धरत नाहीत. परतीच्या कुरिअरची पावती जपा. तुमचा मिक्सर मर्यादेच्या आतला असणार, पण पुढचा फ्रिज नसेल.

आता एजन्सीला ईमेल करा, फोनवर बोलू नका. पाच ओळी पुरे: जाहिरात असल्याचा खुलासा वरच राहील, लिंकला स्पॉन्सर्ड असेल, मजकूर दाखवीन तो तथ्यांच्या चुका काढण्यापुरता, मत बदलणार नाही, लॉगिन मिळणार नाही. यावर 'मग राहू द्या' असं उत्तर आलं तर मिक्सर त्यांच्या खर्चाने परत पाठवा. काम झालंच तर पैशासाठी ९० दिवस ताटकळवतील. त्यावर उपाय म्हणजे काम घेण्याआधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी), ती फुकट आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांच्या पुढे मुदत नेता येत नाही, गेली तर व्याज मागता येतं. बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा, तो पाहून लेखा विभागाचा सूर जरा बदलतो.