‘टेन्शन’ म्हणजे नेमकं काय?

“मॅडम, मला कशाचंही टेन्शन येतं. भावना आवरतच नाहीत. काय करू?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. या वेळी विचारणाऱ्या बाई चाळिशीच्या, ऑफिसात हिशेबाचं काम करणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) छातीत धडधड, झोप उडालेली, मुलावर ओरडायचं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचं. थायरॉइड, ईसीजी सगळं तपासून झालेलं, नॉर्मल.

पहिल्या भेटीत चूक माझीच झाली. त्यांची घाई पाहून मीही घाई केली, दीर्घ श्वसन शिकवून पाठवलं. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, “तेवढ्यापुरतं बरं वाटतं. टेन्शन आहे तिथेच.”

मग मी नुसतं ऐकत बसले. साहेबांनी बोलावलं, टेन्शन. मुलाचे मार्क कमी, टेन्शन. बहिणीने घर घेतलं, टेन्शन. “बहिणीच्या घराचं तुम्हाला कसलं टेन्शन?” त्या गप्प. हातातल्या पेनाचं टोपण काढणं-लावणं मात्र सुरूच.

मी एकच काम दिलं. आठवडाभर वहीत रोजचे दोन-तीन प्रसंग लिहायचे, पण ‘टेन्शन’ हा शब्द बाद. आपल्याकडे शब्दांना काय तोटा? धास्ती, चीड, वैताग, रुखरुख, हुरहुर, हिरमुसणं, कानकोंडं होणं. “शब्द बदलून काय होणार?” हे त्यांनी विचारलंच. 2007 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांचा मेंदूच्या स्कॅनवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिडलेले, घाबरलेले चेहरे पाहताना त्या भावनेला नाव दिलं, की मेंदूतल्या अमिग्डलाची खळबळ कमी झालेली दिसली. अमिग्डला म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग. अर्थात फोटोतले चेहरे वेगळे आणि समोर उभे असलेले साहेब वेगळे, हे मी त्यांना सांगून टाकलं.

वही आली. साहेबांच्या बोलावण्यापुढे ‘धास्ती, चूक सापडेल याची’. मार्कांपुढे ‘रुखरुख, मीच लक्ष दिलं नाही’. बहिणीच्या पानावर ‘आनंद’ लिहून खोडलेलं, ‘राग’ खोडलेलं, खाली अगदी बारीक अक्षरात ‘हेवा’. त्यावर हात ठेवूनच त्यांनी वही पुढे केली.

“वाईट आहे ना मी?”

“हेवा वाटला म्हणून तिचं काय वाईट केलंत?”

“काही नाही. फोन उचलत नाही, एवढंच.”

मग उपायही वेगळे निघाले. धास्तीसाठी, साहेबांकडे जाण्याआधी आकडे एकदा पडताळायचे. रुखरुखीसाठी, रोज थोडा वेळ मुलाजवळ बसायचं, तेही मार्कांचा विषय न काढता. हेव्याला आम्ही हातच लावला नाही. तो दाबायच्या नादात एक गोष्ट राहूनच गेली होती: आपल्यालाही स्वतःचं घर हवंय, हे त्या नवऱ्याशी कधी बोललेल्याच नव्हत्या. त्या आठवड्यात बोलल्या. बहिणीला फोन करायला मात्र आणखी महिना गेला.

धडधड अजूनही होते कधीकधी. परवाच्या भेटीत वहीतल्या एका ओळीत ‘रविवार, संध्याकाळ’ एवढंच होतं, पुढे कोरी जागा.

“याला शब्द सापडत नाहीये,” त्या म्हणाल्या, “पण टेन्शन नाही, हे नक्की.”

तो तास आम्ही त्या कोऱ्या जागेवरच घालवला.