कोठारातली पोर्शे: ९०१ की ९११, आणि ओरिजिनल म्हणायची का?

प्रश्न: नमस्कार. मागच्या महिन्यात लेकीकडे स्टुटगार्टला होतो, जावयांनी पोर्शेच्या म्युझियमला नेलं. तिथल्या ५७ नंबरच्या लाल गाडीची गोष्ट त्यांनी सांगितली, म्हणाले ती ९०१ आहे. आपण तर ९११ ऐकत आलोय! आणि कोठारात सडलेल्या गाडीला दुसरीचे पार्ट लावले तर ती ओरिजिनल कशी? – एक वाचक, सांगली

उत्तर: काका, जावई बरोबर आहेत. १९६३ ला फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये गाडी ९०१ म्हणूनच दाखवली होती, पण मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे आहेत असं प्यूजो या फ्रेंच गाड्यांच्या कंपनीने धरलं आणि १९६४ संपता संपता शून्याच्या जागी एक आला. तोवर ९०१ म्हणून ८२ गाड्या तयार झालेल्या, ५७ नंबर त्यातलीच, ऑक्टोबर १९६४ ची.

आता तुमचा खरा प्रश्न. २०१४ ला ती सापडली तेव्हा पुढचे फेंडर म्हणजे चाकांवरचे पत्रे गायब, पत्रा गंजून गेलेला. केमिकलमध्ये बुडवून आधी जुना रंग काढला, मग कुठे गंज किती आहे ते कळलं, आणि एकट्या बॉडीवर १२ महिने गेले. जे तुकडे नव्हतेच ते त्याच काळातल्या दुसऱ्या ९११ चे घेतले, नवीन बनवून नाही चिकटवले, मला हे फार आवडतं. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, आतलं सगळं याच नियमाने, दुरुस्त होतंय तोवर बदलायचं नाही. तीन वर्षं लागली, डिसेंबर २०१७ ला लोकांना बघायला मिळाली. दोन लिटरचं, हवेवर थंड होणारं सहा सिलेंडरचं इंजिन, १३० हॉर्सपॉवर, तेच. म्हणून मी तिला ओरिजिनलच म्हणेन. आपल्याकडे पुटी भरून चकचकीत रंग मारतात आणि रिस्टोर केली म्हणतात, तसं इथे काहीच नाहीये, चासी तीच आणि नंबरही तोच.

आणि नंतरची गाडी सजवून कोणी सुरुवातीची म्हणून दाखवली तर टेप लावा. सुरुवातीच्या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २२११ मिमी, १९६९ च्या मॉडेलपासून मागचं चाक ५७ मिमी मागे नेलं, हा फरक कितीही रंग मारला तरी लपत नाही.