प्रत्येक फाइलची वेगळी प्रगतिपट्टी

प्रश्न : एकाच वेळी अनेक फाइल अपलोड करणारं पान बनवलं आहे. पट्टी एकच दिसते, तीही १०० टक्क्यांवर जाऊन अडकते. काय चुकतंय?

उत्तर : तुम्ही बहुधा सगळ्या फाइल एकाच रिक्वेस्टमध्ये पाठवताय. मग ब्राउझर फक्त एकूण बाइट सांगतो, कुठली फाइल किती गेली हे नाही. फाइल निवडायच्या इनपुटला ‘मल्टिपल’ हा गुणधर्म लावा, निवडलेल्या फाइलींवर लूप फिरवा आणि प्रत्येकीसाठी स्वतंत्र एक्सएचआर (XMLHttpRequest, ब्राउझरमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायची जुनी सोय) रिक्वेस्ट करा. त्याच कामाच्या नव्या ‘फेच’मध्ये अपलोडची प्रगती सहज मिळत नाही, म्हणून इथे जुना एक्सएचआरच बरा. ‘प्रोग्रेस’ इव्हेंटचा लिसनर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) रिक्वेस्टवर नको, तिच्या ‘अपलोड’ ऑब्जेक्टवर हवा, आणि तोही ‘सेंड’च्या आधी; नेमकं इथेच बरेचजण फसतात. टक्केवारी म्हणजे ‘लोडेड’ (गेलेले बाइट) भागिले ‘टोटल’ (एकूण बाइट) गुणिले १००.

१०० टक्के म्हणजे बाइट रवाना झाले, एवढंच. सर्व्हरचं काम अजून बाकी असतं. तेव्हा ‘प्रक्रिया सुरू’ असं दाखवा. रिक्वेस्टचा ‘लोड’ इव्हेंट येऊन स्टेटस २०० (यशस्वी) मिळालं, तरच हिरवी खूण.

एका वेळी दोन-तीनच फाइल सोडा, बाकीच्या रांगेत. मोठ्या फाइलला ४१३ (‘मजकूर फार मोठा’ हा एरर कोड) आला तर सर्व्हरची मर्यादा वाढवा : एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये ती मुळात १ एमबी असते. सर्व्हरवर पीएचपी असेल तर तिची मर्यादाही बघा, ती मुळात प्रतिफाइल २ एमबी असते.