मुलं एआयकडून निबंध लिहून आणतात, ते ओळखायचं कसं?

ओळखता येत नाही. ओळखणाऱ्या वेबसाइटींच्या नादी तर लागूच नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःच असं साधन जानेवारी २०२३ मध्ये काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राचा फक्त २६ टक्के मजकूर सापडला आणि माणसांनी लिहिलेला ९ टक्के यंत्राच्या नावावर गेला. जुलैमध्ये गाशा गुंडाळला. तोही इंग्रजीपुरता हिशेब, मराठीचं विचारूच नका.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर अकरावीला 'आमच्या गावचे गुऱ्हाळ' हा निबंध दिला. करवीरकडच्या एका मुलीनं लिहिलं, 'गुऱ्हाळ हे ग्रामीण संस्कृतीचे वैभव आहे.' म्हटलं, ही भाषा हिची नव्हे. कुठल्याशा फुकट साइटवर टाकलं, ती म्हणाली एआय. वर्गासमोर शून्य दिला.

पोरगी रडली नाही. वहीची मागची पानं उलटून माझ्यापुढं धरली. 'ग्रंथालय हे मानवी संस्कृतीचे वैभव आहे.' मीच सांगितलेलं, तिच्या अक्षरात. "सर, नुसतं गुऱ्हाळ घातलंय तिथं."

मग म्हटलं, तोंडी सांग. भेंडीचं पाणी घातलं की काहिलीत मळी कशी वर येते, गुळव्या गार पाण्यात पाक टाकून बोटांनी गोळी करतो, ती आपटली की टण्ण वाजते, मग सगळे काहील उतरवायला धावतात. तासाची घंटा झाली तरी सांगतच होती. हे का नाही लिहिलंस? "असलं मार्काला चालतंय व्हय?"

नोकरीच्या सुरुवातीला मी निबंध सांगत नव्हतो. स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सर म्हणायचे, पोरांना मार्क पाहिजेत, तुमची प्रतिभा नको. माझ्या वर्गाचे मार्क घसरले, बोलणी खाल्ली, मीही सांगायला लागलो. सर, आता ते यंत्र तुमच्यासारखेच निबंध सांगतंय, तेही मस्टरवर सही न करता.

तुम्ही वर्गातच लिहून घ्या, आधी दहा मिनिटं बोलतं करा. अर्थात शंभरावर पोरं असली की हे जमत नाही, माझंही दर आठवड्याला जमत नाही.

तिनं तो निबंध पुन्हा लिहिला. दहापैकी सात दिले. तीन ऱ्हस्व-दीर्घाचे कापले.